देहदानाचा अर्ज भरलेल्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार. अर्ज भरून ओळखपत्र पाकिटात ठेवलं की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. मृत्यूनंतर देह सोपवतात ते घरचे. त्यांच्यातल्या कुणी ऐन वेळी हरकत घेतली, तर वैद्यकीय महाविद्यालय सहसा देह स्वीकारत नाही. म्हणून मुलाबाळांशी आजच बोला. अवघड जाईल, तरी बोलाच.

देह स्वीकारणाऱ्या, महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा फोन नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. रात्री दोन वाजता फाइल शोधायची वेळ घरच्यांवर येऊ नये. देह काही तासांतच पोहोचावा लागतो, सोबत डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवाच. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह, एचआयव्हीसारखा संसर्ग, अशा वेळी बहुधा नकार मिळतो. हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नकार फार मनाला लागतो.

नेत्रदान मात्र देहदानाच्या आधी करता येतं, मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा.

घरच्यांच्या सह्या राहिलेल्यांनी पुढच्या सभेत कोरा अर्ज मागून घ्यावा.