गुहांची आधी नोंद करा, दिवे आणि पायऱ्या नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की नागपुरातल्या अनेक घरांत नागद्वारच्या यात्रेची बोलणी सुरू होतात. नागपंचमीच्या सुमारास सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाणारी ती वाट थोड्या दिवसांसाठी उघडते आणि विदर्भातून मंडळेच्या मंडळे पचमढीकडे निघतात. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी ही वाट तुडवली आहे आणि मी स्वतः चार वेळा गेलो आहे, त्यामुळे पुढील मजकूर यात्रेच्या किंवा श्रद्धेच्या विरोधात आहे असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. नागद्वारच्या गुहेपर्यंतच्या वाटेवर पाणी, औषध, शौचालय यांची सोय झालीच पाहिजे. मात्र गुहेच्या आत कायमचे दिवे, लोखंडी कठडे, सिमेंटच्या पायऱ्या आणि फरशी बसवण्याची जी मागणी अलीकडे सगळीकडच्या नैसर्गिक गुहांबाबत होते, ती मान्य करण्याआधी त्या गुहेची नीट नोंद आणि अभ्यास व्हावा, आणि विदर्भापुरते तरी हे काम नागपूरने अंगावर घ्यावे, एवढेच मला सुचवायचे आहे.

आपल्याकडे 'गुहा' म्हटले की लोकांना अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी आहेत, माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली, आणि त्यांना पुरातत्त्व खाते आहे. पाण्याने, काळाने घडवलेल्या गुहेला असा कोणी वाली नाही. ती जंगलात असेल तर जमीन वनखात्याची असते, गावाच्या हद्दीत असेल तर महसूलची, खाणपट्ट्यात असेल तर पट्टेदाराच्या ताब्यात, पण गुहा म्हणून ती कोणाच्याच दप्तरात नसते. आपल्या देशात गुहांसाठी स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, तो कायद्यापर्यंत पोहोचावा अशी माझ्यासारख्या अनेकांची इच्छा आहे.

या विषयावर मी लिहितो आहे त्यामागे एक जुना अपराध आहे. १९८४ साली, महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवण्याच्या नोकरीत नवा असताना, मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन बस्तरमधील कुटुमसर गुहेत गेलो होतो. चुनखडीच्या खडकातली ही गुहा कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानात आहे. तोंड इतके अरुंद की अंग चोरून उतरावे लागते. आत गॅसबत्तीच्या उजेडात छताला लोंबणारी करंगळीएवढी पोकळ नळी मला दिसली आणि तिच्या टोकाला पाण्याचा थेंब लकाकत होता. वर्गात दाखवायला हवी म्हणून मी ती मोडून घेतली. काडी मोडावी इतकाच आवाज झाला. रुमालात गुंडाळलेली ती नळी जगदलपूरच्या मुक्कामी उलगडली तेव्हा थेंब रुमालात जिरला होता आणि आत मोत्यासारखी दिसलेली वस्तू खडूसारखी पांढुरकी झाली होती. राष्ट्रीय उद्यान १९८२ सालीच घोषित झालेले होते, तेव्हा कायद्याच्या भाषेतही ती चोरीच होती. चाळीस वर्षे ती माझ्या काचेच्या कपाटात पडून आहे. मधली काही वर्षे तर ती विजेच्या बिलांवर वजन म्हणून ठेवलेली होती.

नळीची लांबी आठ सेंटिमीटर आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्ल बनते, चुनखडी विरघळवते, आणि गुहेच्या हवेत आल्यावर तो वायू निसटला की चुना मागे ठेवून जाते. बोअरच्या पाण्याने बादलीला बसणारा पांढरा थर त्याच जातीचा. शाळेच्या भूगोलात गुहेत असा साठत गेलेल्या चुन्याच्या खांबाला 'लवणस्तंभ' म्हणतात आणि दरवर्षी एखादा विद्यार्थी तो मिठाचा समजून उत्तर लिहितो, त्यात त्याचा दोष नाही, शब्दच तसा आहे. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने वाढतो असे धरले तर माझी नळी आठशे वर्षांची होते. पोकळ नळ्या याहून वेगाने वाढतात, म्हणून स्वतःला भरघोस सूट देऊन मी दोनशे वर्षे धरतो. तरीही ती वाढू लागली तेव्हा नागपुरात भोसल्यांची गादी होती.

अशा दगडांत काय लिहिलेले असते याचे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण त्याच कांगेर खोऱ्यातील दंडक गुहेचे आहे. तिथल्या लवणस्तंभाच्या थरांचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढून आणि त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण मोजून संशोधकांनी इसवी सन ६०० ते १५०० या नऊशे वर्षांच्या पावसाचा आलेख २००७ साली प्रसिद्ध केला. चौदाव्या शतकात मोसमी पाऊस वर्षानुवर्षे क्षीण झालेला त्यात दिसतो, आणि १३९६ पासून सुमारे बारा वर्षे ज्याने दख्खन होरपळून काढले तो दुर्गादेवीचा दुष्काळ याच कोरड्या कालखंडात येतो. आजवर ज्याच्यासाठी बखरी आणि दंतकथा यांवर विसंबावे लागत होते, त्याची साक्ष एका ओल्या अंधाऱ्या गुहेतल्या दगडाने दिली. बस्तर आणि विदर्भ एकाच मोसमी पट्ट्यात येतात, त्यामुळे हा इतिहास आपल्याही शेतकऱ्याचा आहे. मेघालयातील मॉम्लूह गुहेतल्या लवणस्तंभाच्या आधारे तर आपण ज्या भूवैज्ञानिक कालखंडात जगतो त्यालाच २०१८ साली 'मेघालयन' हे नाव मिळाले, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासून तो मोजला जातो.

दगडाखेरीज गुहेत जीवही असतात. कुटुमसरमध्ये डोळे क्षीण झालेले, रंग उडालेले मासे आहेत, आणि तिथल्या रातकिड्याच्या जातीला गुहेचे आद्य अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांच्यावरून 'केंपिओला शंकरी' हे शास्त्रीय नाव दिलेले आहे. या जीवांचे अन्न पावसाळ्यात वाहून येणारा पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा यांवर चालते. कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात वटवाघळाची एक जात आज एकाच गुहेत उरली आहे. गुहेत कापूर पेटला, ढोल वाजला की पिल्लू छातीशी धरलेली मादी गडबडीने उडते, पिल्लू खाली पडते, आणि हे नुकसान कोणाच्या पाहण्यातही येत नाही.

दिव्यांचे सांगायचे तर जिथे कायमचा उजेड पडतो तिथे ओल्या भिंतीवर शेवाळ धरते, आणि दोन-चार वर्षांत पांढऱ्या लवणस्तंभाला हिरवे-काळे डाग पडतात. गर्दीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची उष्णता साठली की बंद गुहेची हवाच बदलते. फ्रान्समधील लास्को गुहेतील प्रागैतिहासिक चित्रे याच कारणांनी बिघडू लागली आणि १९६३ साली ती गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. दिवे लावूच नयेत असे नाही. माणसे असतील तेवढाच वेळ पेटणारे, मंद आणि दगडापासून दूर ठेवलेले दिवे पुरतात, आणि वाटाड्याच्या हातातला दिवा त्याहून चांगला.

स्वच्छतेच्या मोहिमांबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगल्या हेतूने होणारे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका गुहेत उत्साही तरुणांनी भिंतीवरची काजळी, तेलकट शेंदूर आणि ऑइलपेंटने लिहिलेली नावे काढण्यासाठी तारेचे ब्रश आणि संडास साफ करायचे ॲसिड आणले होते. चुनखडीवर ॲसिडचा थेंब पडला की फसफसते, ही तर तिची वर्गात शिकवली जाणारी ओळख आहे. काजळीबरोबर खडकाचा थरही विरघळून गेला आणि खालच्या डबक्यातले पाणी दुधासारखे झाले. अशा कामाला स्वच्छ पाणी, मऊ नायलॉनचे ब्रश आणि मळलेले पाणी टिपून बाहेर न्यायला स्पंज एवढेच लागते, आणि लागतो तो दिवसभराचा धीर. मोडलेले तुकडे जागेवरच राहू द्यावेत, कारण तुकडा आणि बुंधा दोन्ही असतील तर जाणकारांना तो पुन्हा जोडता येतो. हे वाक्य लिहिताना कपाटाकडे नजर गेल्यावाचून राहत नाही.

सगळ्याच गुहा चुनखडीच्या नसतात. नागद्वार आणि पचमढीचा परिसर वालुकाश्माचा आहे. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची प्रशस्त नैसर्गिक गुहा, जिथे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव जमतात, ती तर एका समाजाच्या उगमकथेचे ठिकाण आहे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथेतली गुहा हीच. तिथे कोणताही निर्णय त्या समाजाच्या संमतीने आणि त्याच्याच पुढाकाराने व्हायला हवा. खडक वेगळा असला तरी वटवाघळे, ओल आणि काजळी यांचे नियम सारखेच आहेत.

चुनखडीचा आपला स्वतःचा पट्टा चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, वणी, राजुरा, कोरपना, जिवती या भागांत आहे. सिमेंटसाठी तो खणला जातो आणि पुढेही खणला जाईल. पण अशा खडकातून पाणी भेगा आणि पोकळ्यांमधून वाहते, मातीतून गाळले जात नाही, त्यामुळे एका गावाने खड्ड्यात टाकलेला कचरा दुसऱ्या गावाच्या विहिरीत उतरू शकतो. म्हणून खाणकाम पुढे सरकण्याआधी त्या जागी पोकळी, विवर किंवा झरा आहे का हे तपासून लिहून ठेवण्याची अट असावी.

आता हे करायचे कोणी? खनिज आराखड्यांना मंजुरी देणाऱ्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय नागपुरात आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे. केंद्रीय भूजल मंडळाचे विभागीय कार्यालय, राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळही याच शहरात आहे, आणि विद्यापीठाला भूगर्भशास्त्राचा जुना विभाग आहे. एवढी कार्यालये रिक्षाच्या अंतरावर असताना विदर्भातल्या नैसर्गिक गुहांची, सामान्य नागरिकाला उघडून पाहता येईल अशी एकत्र यादी मला आजवर सापडलेली नाही. सुरुवातीला नवा कायदाही लागणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या जीवांच्या आणि त्यांविषयीच्या माहितीच्या वह्या, करायच्याच असतात, त्यात गुहेसाठी एक पान वाढवता येईल. गावात तिला काय म्हणतात, तोंड कोणत्या दिशेला, पाणी कधी असते, वटवाघळे कोणत्या महिन्यात दिसतात, देव कोणता, जत्रा कधी, हे गुराख्यांना आणि पुजाऱ्यांना आधीच ठाऊक असते. मोजणीला मग विद्यापीठाचे विद्यार्थी जातील. त्याच कायद्यातल्या वारसा स्थळाच्या तरतुदीने २०१४ साली आल्लापल्लीचे जुने वन राखले गेले, तसेच पुढे एखाद्या गुहेबाबतही करता येईल. मात्र संवेदनशील गुहांचे नेमके ठिकाण यादीत जाहीर करू नये. माझ्यासारखे रुमालवाले अजूनही आहेत.

माझ्याकडे सहलींच्या सहा नोंदवह्या आहेत, त्यांत सातपुड्यातल्या आणि बस्तरमधल्या काही गुहांची हाताने काढलेली रेखाटने आहेत. वरीलपैकी जे कार्यालय हे काम हाती घेईल त्याला त्या मी देईन. आठ सेंटिमीटरची ती नळीही, कोठून मोडली त्या नोंदीसह, सोबत असेल.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक (भूगर्भशास्त्र),
नागपूर