अंबू बॅग हातात देता, तर दाबायची कशी तेही शिकवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतून सर्पदंश अन् फवारणीच्या विषबाधेचे पेशंट सुरू होतात. मण्यार तर रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सुजत नाही, पहाटे पोट दुखते, पापण्या पडायला लागतात अन् मग श्वासाचे स्नायूच बंद पडतात. अशा पेशंटची फुप्फुसं बहुतेकदा चांगली राहतात हो, फक्त विष उतरेपर्यंत दुसऱ्या कोणी त्याला श्वास देत राहायला पाहिजे, एक-दोन दिवस, कधी जास्त. अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचंच, पण लकवा पूर्ण पडल्यावर त्यानं माणूस लगेच श्वास घ्यायला लागत नाही.

ग्रामीण रुग्णालयात व्हेंटिलेटर नसतो, असला तर चालवणारा नसतो, मग घशात नळी टाकतात अन् अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून फुप्फुसात हवा भरायची पिशवी, नातेवाईकाच्या हातात देऊन सांगतात, दाबत राहा. पण किती? मोठ्या माणसाला साधारण पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती वर येईल एवढीच, मग हवा बाहेर येऊ द्यायची. घाबरलेला भाऊ भराभर दाबतो, हवा छातीत कोंडते, बीपी पडतो. त्यात त्या भावाची काय चूक?

हातानं श्वास देणं कमी दर्जाचं काम नाही. 1952 मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून मेडिकलच्या शेकडो पोरांनी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबल्या अन् मृत्यूचं प्रमाण एकदम खाली आलं. त्यांना शिकवलं होतं, पाळ्या ठरल्या होत्या, हा फरक आहे.

अन् कोणी म्हणेल, व्हेंटिलेटर नाही तर बाटली लावा, पण श्वासाच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून फुप्फुसात प्रेशर ठेवायची ती युक्ती लहान लेकरांसाठी आहे, ढाक्याच्या डॉक्टरांनी ती शाम्पूच्या बाटलीवर करून दाखवली. दम लागलेला मोठा माणूस मिनिटाला तीस लिटरच्या वर हवा ओढतो, ऑक्सिजन देणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन देतं पाच-दहा, म्हणून ती तशीच मोठ्यांना लावू नये, अन् मण्यार चावलेला तर स्वतः श्वासच घेत नाही, त्याला तिचा उपयोग शून्य.

आरोग्य खात्याला विनंती आहे की जूनच्या आधी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अन् 108 च्या गाडीत मोठ्यांची अंबू बॅग रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवायची पिशवी) अन् पीप व्हॉल्व्ह (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडं प्रेशर ठेवणारी झडप) यांच्यासकट ठेवा, सिस्टर अन् वॉर्डबॉयची पुतळ्यावर प्रॅक्टिस घ्या, भिंतीवर मराठीत तक्ता लावा, अन् नातेवाईकाला बॅग द्यावीच लागली तर शेजारी शिकलेला एक माणूस उभा ठेवा, पेशंट मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत.

आपला नियमित वाचक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ