निकालाविना सारांश

मा. संपादक,

दंतवैद्यक परिषदांसाठी शोधसारांश (आपल्या संशोधनाचा छोटा गोषवारा) पाठवण्याची मुदत जवळ आली की पदव्युत्तर विद्यार्थ्यांची धावपळ सुरू होते. त्यांना मिळणारे मार्गदर्शन मात्र बहुतेक वेळा फॉर्म कसा भरायचा, फोटो किती केबीचा हवा इथेच थांबते. सारांश परत येतो तो फॉर्ममुळे क्वचितच. तो अडतो ‘निकाल’ या मथळ्याखालच्या चार ओळींत.

‘निकालांची चर्चा परिषदेत केली जाईल’ हे वाक्य परीक्षकांच्या चांगलेच ओळखीचे झाले आहे. मुदतीच्या दिवशी मोजमापे अर्धवट असतात आणि प्रत्यक्ष सादरीकरणाला अजून सहा महिने असतात, म्हणून हे वाक्य टाकले जाते. पण परीक्षकाने गुण द्यायचे कशाला? काम पुरे झाले नसेल तर पुढच्या वर्षी पाठवावे. सारांशात निकाल हवाच, याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. परिषदांतील सारांशांचे पुढे काय होते, याचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जैववैद्यकीय शाखांतील तीन लाखांहून अधिक सारांशांचा हिशेब होता आणि त्यांपैकी पूर्ण लेख म्हणून छापले गेले जेमतेम ३७ टक्के. उरलेल्या कामांची जगाकडे असलेली नोंद म्हणजे तो सारांशच. त्यात आकडा नसेल तर काहीच नाही.

आंतरराष्ट्रीय दंतसंशोधन संघटनेची, म्हणजे आयएडीआरची, मर्यादा ३०० शब्दांची आहे. इतर परिषदांत ती साधारण २५० ते ३५० असते. उद्देश, पद्धती, निकाल, निष्कर्ष हे चार मथळे ठरलेले. नवखे लेखक यातले शंभर शब्द ‘दंतक्षय हा जगभर आढळणारा आजार आहे’ अशा प्रस्तावनेत घालवतात. परीक्षक दंतवैद्यच असतो, त्याला हे सांगायला नको. उद्देशाला ३०–४० शब्द पुरतात, निष्कर्षालाही तेवढेच. बाकी सगळी जागा पद्धती आणि निकालांची.

‘अ गटाची दाताला चिकटण्याची ताकद लक्षणीयरीत्या जास्त होती’ याला निकाल म्हणत नाहीत. असे लिहावे (आकडे केवळ नमुन्यादाखल): ‘अ गट १८.४ ± ३.१ मेगापास्कल, ब गट १४.९ ± २.८, प्रत्येकी १५ दात, फरक ३.५, ९५ टक्के विश्वासमर्यादा १.३ ते ५.७, पी-मूल्य ०.००३.’ एवढ्यात परीक्षकाला सगळे कळते: सरासरी, मोजमापांचा विखुरलेपणा (±), खरा फरक कुठून कुठवर असू शकेल (विश्वासमर्यादा) आणि खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता (पी-मूल्य). संगणकाने पी-मूल्य ०.००० दाखवले तर ते तसेच उतरवू नये, ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहावे. शून्य शक्यता असे काही नसते.

पद्धतीत सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दात मोजायचे की माणसे, याचा घोळ. ३० रुग्णांचे प्रत्येकी चार दात तपासले आणि नमुना १२० लिहिला, की परीक्षकाची पेन्सिल तिथेच थांबते. एकाच तोंडातले दात एकच लाळ, एकच आहार, एकच ब्रश वाटून घेतात. ते एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. चारही दात अगदी सारखेच वागले असे धरले, तर १२० चा हिशेब प्रमाण त्रुटी (सरासरीतली अनिश्चितता) निम्मी दाखवतो आणि नसलेला फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. रुग्ण हा एकक धरून विश्लेषण करावे, किंवा एका तोंडातल्या दातांचे परस्परसंबंध जमेस धरणारे सांख्यिकी मॉडेल वापरावे आणि तसे एका वाक्यात सांगावे. हिरड्यांच्या अभ्यासांत तर एका दाताच्या सहा जागा मोजतात, तिथे हा फुगवटा आणखी वाढतो.

प्रयोगशाळेतल्या कामात काढलेले दात कशात आणि किती दिवस ठेवले होते हे गाळू नये. दातांना चिकटण्याच्या चाचण्यांसाठीच्या आयएसओ ११४०५ या आंतरराष्ट्रीय मानकात दात काढल्यापासून शक्यतो महिन्याभरात आणि फार तर सहा महिन्यांत वापरावेत असे आहे, कारण डेंटिन (दाताचा एनॅमलखालचा थर) बदलत जाते. थर्मोसायकलिंग (नमुने आळीपाळीने थंड आणि गरम पाण्यात बुडवणे) केले असेल तर तापमान आणि आवर्तने दोन्ही द्यावीत. नुसता शब्द निरुपयोगी. एकाहून जास्त तपासनीसांनी कीड नोंदवली असेल तर त्यांच्यातल्या एकमताचे कप्पा मूल्य (योगायोगाने जुळलेली मते वगळून काढलेले एकमताचे माप) लिहावे. रुग्णांवरच्या यादृच्छिक (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या) चाचणीत ‘यादृच्छिक’ हा शब्द शीर्षकातच हवा आणि चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतला नोंदणी क्रमांक शेवटी. ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीची हवी. सारांश लिहायला बसल्यावर केलेली नोंदणी तारखेवरून लगेच उघडी पडते.

पोर्टलवरच्या खोड्या किरकोळ, पण काम बुडवतात. वर्डमधून चिकटवलेली ±, ≤, µ ही चिन्हे कधी चौकोन होतात तर कधी गायबच होतात, आणि ‘५० मायक्रोमीटर’चे ‘५० मीटर’ होते. म्हणून पाठवण्याआधी प्रिव्ह्यू वाचावा. परीक्षण लेखकाचे नाव झाकून होत असेल तर मजकुरात ‘आमच्या महाविद्यालयात’ असे लिहून संस्थेचे नाव टाकू नये. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे तेही पाहावे. सहलेखकांना आधी मसुदा दाखवावा. मान्य झाल्यावर यादीत नाव घुसवणे किंवा गाळणे बहुतेक ठिकाणी चालत नाही.

सारांश छापून आला तर नियतकालिक पुढे लेख घेणार नाही, ही भीतीही उगाच आहे. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या नियमांनुसार परिषदेतला सारांश किंवा पोस्टर पूर्वप्रसिद्धी ठरत नाही. तेव्हा आकडे राखून ठेवण्याचे कारण उरत नाही.

आयोजकांकडे एकच मागणी आहे. नाकारलेल्या सारांशासोबत नुसते ‘खेद आहे’ न पाठवता परीक्षकाचे एक वाक्य जोडावे. ‘नमुना दातांचा आहे, रुग्णांचा नाही’ एवढे कळले तरी तोच विद्यार्थी पुढच्या वर्षी दुरुस्त सारांश पाठवू शकेल.

आपला,
शोधसारांशांचा एक परीक्षक