आधी माझी ड्युटी विचारणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलासमोर रोज इतके रुग्ण येऊन बसतात की माझा चेहरा आपल्याला आठवत असेल असे मी धरून चालत नाही. मी सोलापूर जिल्ह्यातील एका आगारात एसटीची वाहक आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात, आषाढीच्या जादा गाड्यांची धावपळ नुकतीच संपलेली असताना, रक्तातील हिमोग्लोबिन ८.४ इतके कमी असल्याचा अहवाल घेऊन मी सरकारी रुग्णालयात आपल्यासमोर बसले होते. दुपारची फेरी धरायची असल्याने अंगावर गणवेश तसाच होता. आपण अहवाल पाहिला, बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारलात तो असा : "आज ड्युटी किती वाजता सुरू झाली आणि पहिला घास किती वाजता खाल्ला?"

त्या प्रश्नाबद्दल आभार मानायचे दोन वर्षे मनात होते. हे पत्र सर्वांनी वाचावे असे उघडपणे लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या अवेळी कामावर जाणाऱ्या अनेक बाया माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकींना हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

त्याआधी एका ठिकाणी मला छापील आहारतक्ता मिळाला होता. त्यात आठ वाजता नाश्ता, अकरा वाजता फळ, एक वाजता जेवण आणि चार वाजता सूप लिहिलेले होते. माझी पहाटेची गाडी पावणेसहाला सुटते, अकरा वाजता मी कोणत्या तरी फाट्यावर तिकिटे फाडत असते आणि जेवायला बसेपर्यंत अनेकदा साडेतीन वाजतात. मुक्कामी गाडी असली तर रात्री खेड्यात पोहोचेपर्यंत नऊ होतात. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट लागू झाल्यापासून गाड्या भरभरून जाऊ लागल्या होत्या आणि दोन थांब्यांच्या मध्ये डबा उघडण्याइतकी उसंतही मिळत नव्हती. तो तक्ता मी चार दिवस पाळला, पाचव्या दिवशी घडी करून ठेवून दिला आणि आपल्या हातून काही होणार नाही असे समजून गप्प बसले.

आपण मला नवा तक्ता दिला नाहीत. माझ्या ड्युटीच्या वेळा एका कोऱ्या कागदावर लिहून घेतल्यात आणि त्या वेळांच्या मधल्या फटी शोधू लागलात. लोहाच्या गोळ्या कशा घेता, असे विचारल्यावर मी खरे सांगितले की पहाटे आगाराच्या कॅन्टीनमध्ये चहाबरोबर घेते, म्हणजे विसरत नाही. त्यावर आपण मला रागावला नाहीत. चहातील तुरट द्रव्ये लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे गोळी पोटात गेली तरी तिच्यातील बरेचसे लोह रक्तापर्यंत पोहोचतच नाही, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेत की मला एकदम उलगडा झाला. तीन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलत का नव्हता, ते त्या क्षणी मला समजले.

दिवसाला सात-आठ चहा होतात हे ऐकून आपण म्हणालात, "चहा सोडू नका, तो जेवणापासून तोडा. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको, बाकी कधीही घ्या." आमच्या कामात चहा हा नुसता पेय म्हणून नसतो. चालकाबरोबर उभ्या उभ्या घेतलेल्या त्या अर्ध्या कपावर पुढचे शंभर किलोमीटर निघतात. आपण तो सोडायला सांगितले असते तर मी आपले काहीच ऐकले नसते. वेळ बदलायला मात्र काही खर्च नव्हता आणि कोणाला सांगायचीही गरज नव्हती. पुढे मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची नवी आहार मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा त्यांतही चहा-कॉफीबद्दल हाच एका तासाचा सल्ला होता. ती बातमी मी आगाराच्या विश्रांतिगृहातील भिंतीवर चिकटवली.

त्याच बैठकीत आपण आवाज खाली आणून विचारले होते, "कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटते का?" ताई, ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नव्हती. दीड वर्ष मी पर्समध्ये मूठभर कच्चे तांदूळ ठेवत होते आणि हे काहीतरी मनाचे खूळ आहे अशी मला लाज वाटत होती. शरीरात लोह कमी पडले की अशी ओढ लागू शकते, हे आजाराचे लक्षण आहे, स्वभावाचा दोष नाही, असे आपण सांगितलेत तेव्हा माझे डोळे भरून आले होते. गोळ्यांनी शौचाला काळे होते म्हणून घाबरून मी मध्ये आठवडाभर त्या बंद केल्या होत्या, तेही त्या दिवशी प्रथमच कोणापुढे बोलले. त्यात भिण्यासारखे काही नाही, लोहाच्या गोळ्यांनी तसे होतेच, एवढे आधी कळले असते तर तो आठवडा वाया गेला नसता.

आपण माझ्या ताटात नवे असे फारच थोडे घातलेत. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मटकी, मूग, डाळ हे सगळे आमच्या घरी होतेच. आपण त्यात लिंबाची एक फोड ठेवायला सांगितलीत. धान्य-कडधान्यांतील लोह शरीर सहज घेत नाही आणि त्याच घासाबरोबर आंबट, म्हणजे क जीवनसत्त्व, पोटात गेले की ते अधिक घेता येते, हे त्यामागचे कारण. आता डब्याच्या झाकणात लिंबाची फोड असते, हिवाळ्यात आवळा किंवा पेरू असतो. पंढरपूरच्या स्थानकाबाहेर पेरूवाल्या आजींकडून दहा रुपयांचा पेरू घेऊन जेवणाबरोबर खाणे ही माझी आता न चुकणारी सवय झाली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीची कौतुके मी लहानपणापासून ऐकत आले, पण ज्वारीत जे प्रथिनांचे घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असतात ते ज्वारीत, म्हणून भाकरीला नुसत्या चटणीपेक्षा घट्ट वरणाची किंवा मटकीची जोड हवी, हे मला आपल्याकडून कळले.

डाळिंबाबद्दल मात्र आपण माझा मोठाच गैरसमज दूर केलात. आमच्या जिल्ह्यात डाळिंबाला काय तोटा! रक्त वाढते म्हणून घरचे मला रोज एक डाळिंब सोलून देत होते आणि माझ्या नावाने मुलांच्या वाट्याचेही मलाच देत होते. डाळिंब चांगलेच फळ आहे, परंतु शंभर ग्रॅम दाण्यांत लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते आणि बाईच्या शरीरासाठी रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे, हा हिशेब आपण कागदावर करून दाखवलात. रंग लाल म्हणजे लोह जास्त असे नसते. त्या दिवसापासून डाळिंब सर्वांना सारखे वाटले जाते आणि माझ्या डब्यात एक वाटी मोड आलेले मूग वाढले.

पहाटे उपाशीपोटी निघण्याच्या प्रश्नावर आपण काढलेला तोडगा तर आमच्या मातीतलाच होता. साडेचारला उठून स्वयंपाक करणे शक्य नाही, असे मी म्हणाले. तेव्हा आपण विचारलेत, "घरात कडक भाकरी असते ना?" सोलापूरकडची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, तिला ना गरम करावे लागते ना सोबत काही रांधावे लागते. आता घरातून निघण्यापूर्वी मी एक कडक भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून पाच मिनिटांत खाते आणि गोळी दोन फेऱ्यांच्या मध्ये, पोट रिकामे असताना, लिंबूपाण्याबरोबर घेते, कारण दुधातील कॅल्शियमही लोहाच्या आड येते हे आपण बजावले होते. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे असतात. दहा वाजता पोटात आग पडली की स्थानकावरचा वडापाव हाच एक उपाय असे, आता मूठभर फुटाण्यांवर दुपार गाठता येते. वडापाव मी अजूनही खाते, पण हौसेने, आठवड्यातून एखादा.

पाण्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. लांबच्या फेरीवरच्या वाहक बाया मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल याची खात्री नसते. त्यातून मला वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग झाला होता. पाणी भरपूर प्या, असे सर्वांनीच सांगितले होते. आपण माझ्या मार्गावरील प्रत्येक स्थानकाचे नाव विचारलेत, कुठे आत जाता येण्यासारखी सोय आहे त्यावर खूण केलीत आणि त्या स्थानकाच्या साधारण तासभर आधी अर्धी बाटली संपवायची असे ठरवून दिलेत. तो कागद मी तिकिटाच्या यंत्राच्या पिशवीत अजून जपून ठेवला आहे. त्यानंतर मला एकदाच संसर्ग झाला, तोही वारीच्या गर्दीत सगळे वेळापत्रक कोलमडले तेव्हा.

एकादशीच्या उपवासाचेही आपण ऐकून घेतलेत. वारीच्या काळात उपवास सोडणे मला जमणार नव्हते आणि आपण तसे सुचवलेही नाहीत. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते, म्हणून त्याच्या जागी राजगिऱ्याचे थालीपीठ, सोबत ताक आणि एखादे फळ घ्या, एवढेच म्हणालात. पंढरपूरच्या जादा गाड्यांवर उभ्याने काढलेल्या यंदाच्या एकादशीला मला चक्कर आली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये माझे हिमोग्लोबिन ११.१ झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत १२.३. मुख्य काम डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी केले हे मी जाणते आणि आकडा सुधारल्यावरही त्या आणखी तीन महिने घ्यायच्या असतात हे आपल्या सांगण्यावरून पाळले. पण त्या गोळ्यांना माझ्या शरीरात वाट आपण करून दिलीत. गाडीच्या पायऱ्या चढताना लागणारी धाप गेली. पर्समधले तांदूळ कधी संपले आणि पुन्हा भरले गेले नाहीत, ते माझ्याही लक्षात आले नाही.

आमच्या आगारातील चौघी जणी आता डब्यात लिंबू आणतात. त्यांतील एकीचा अहवाल परवा ९.२ आला आहे. पुढच्या मंगळवारी तिची साप्ताहिक सुटी आहे, मी तिला आपल्याकडे घेऊन येते आहे. येताना तिच्या ड्युटीच्या वेळा कागदावर लिहून आणायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
एक एसटी वाहक
सोलापूर जिल्हा