चंदेरी पिशवी फेकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अकोल्यात गेली 19 वर्षे कॉम्प्युटर आणि टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करते. मागच्या आठवड्यात एका खेड्यातल्या शाळेचे सर दोन नव्या रॅम (कॉम्प्युटरची मेमरी) घेऊन आले. त्यांनी त्या शर्टाच्या खिशातून काढल्या. नवा पार्ट ज्या चंदेरी पिशवीत यायला हवा, ती नव्हतीच; उघड्याच होत्या, वर नुसतं रबर लावलेलं. दुकानदाराने ड्रॉवरमधल्या जुडीतून तशाच काढून दिल्या होत्या म्हणे. एक चालली, दुसरी चालूच झाली नाही. "ताई, कालच घेतली हो," सर म्हणाले. शिक्षकांनी वर्गणी काढून घेतलेली वस्तू, आणि दुकानदार बदलून द्यायला तयार नाही. मला फार वाईट वाटलं.

अशा उघड्या पार्टला स्टॅटिकचा, म्हणजे घर्षणाने अंगावर साठणाऱ्या विजेचा, झटका बसू शकतो. स्टॅटिकने मेलेल्या चिपवर डाग नसतो, जळका वास नसतो. त्यामुळे दोष कोणाचा, हे कधीच ठरत नाही. थंडीत स्वेटर काढताना जो तडतड आवाज येतो, तीच ही वीज. आपल्या बोटाला चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात; काही चिप मात्र 100 व्होल्टच्या आतच खराब होतात. म्हणजे हाताला काही कळायच्या आधीच नुकसान झालेलं असतं. कधी चिप लगेच मरत नाही, आतून अर्धवट दुखावते आणि महिन्याभराने मशीन हँग व्हायला लागतं. मग आपण व्होल्टेजला दोष देतो.

आमच्या विदर्भात डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा, त्यात टेरिकॉटचे कपडे आणि प्लॅस्टिकची खुर्ची, म्हणजे हा त्रास ठरलेलाच. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा तो कमी होतो.

उपाय महाग नाही. अंगावरची ही वीज जमिनीत सोडणारा, मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्यात 1 मेगाओमचा रेझिस्टर (करंट रोखणारा भाग) असतो, आणि तो असायलाच हवा. चुकून 230 व्होल्टला हात लागला, तरी त्या पट्ट्यातून पाव मिलिअँपियरपेक्षाही कमी करंट जातो. काही पोरं पट्ट्याऐवजी साधी वायर मनगटाला गुंडाळून अर्थला जोडतात. हात जोडून सांगते, असं करू नका, जीव जाईल. पट्टा घेण्याआधी दुकानात अर्थिंग खरोखर आहे का, तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पुष्कळ स्विचबोर्डांवर अर्थिंगचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नसते.

चंदेरी पिशवीचा उपयोग बोर्ड तिच्या आत ठेवून तोंड बंद केलं तरच होतो. तिच्यावर बोर्ड ठेवून काम करणं चूक आहे. काही पार्ट गुलाबी पिशवीत येतात; ती पिशवी स्वतः स्टॅटिक तयार करत नाही, पण बाहेरून आलेला झटका अडवतही नाही.

मोबाइल रिपेअरिंगचे तीन-तीन महिन्यांचे क्लास गावोगाव निघालेत. तिथे पहिल्याच दिवशी, सोल्डरिंग गन हातात देण्याआधी, मुलांच्या मनगटाला पट्टा बांधायला शिकवावं. आणि पार्ट विकणाऱ्यांनी रॅम, हार्ड डिस्क पिशवीतूनच द्यावी. ग्राहकानेही ती मागून घ्यावी. मी छिद्र न पडलेल्या चंदेरी पिशव्यांचा एक डबा दुकानात भरून ठेवलाय. कुणी बोर्ड उघडा घेऊन आला, की परत जाताना त्याला त्यातली एक देते, पैसे घेत नाही.

आपली,
एक वाचक, अकोला