पदकतालिकेत न सापडणारा स्कीपटू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा कराडचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला आहे आणि आपला ई-पेपर इथे सकाळच्या चहाबरोबर वाचतो. आधी क्रीडापान, मग अग्रलेख, ही वडिलांची सवय माझ्यातही उतरली. त्यामुळे हिवाळी खेळांवरचा आपला लेख हाती येताच वाचून काढला. क्रॉस-कंट्री स्कीइंगला, म्हणजे बर्फावरून स्कीने लांब पल्ला कापण्याच्या शर्यतींना, त्यात दोनच वाक्यं मिळाली होती: या खेळावर नॉर्वेची हुकमत आहे आणि ब्रिटनला त्यात एकही ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. दोन्ही खरं आहे. पण त्यामुळे ब्रिटनचा स्कीपटू अँड्र्यू मस्ग्रेव्ह वाचकाला कळलाच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

अँड्र्यूचा जन्म १९९० चा, इंग्लंडमधल्या पूलचा. पण खेळाडू म्हणून तो घडला अ‍ॅबर्डीनशरमध्ये, हंटलीच्या नॉर्डिक स्की क्लबात. हंटली हे अ‍ॅबर्डीन-इन्व्हर्नेस रेल्वेमार्गावरचं छोटं गाव आहे. पडका किल्ला आणि लोण्याची बिस्किटं यांसाठी लोक तिथे थांबतात. जवळच्या क्लॅशिंडॅरॉकच्या जंगलात स्कीच्या वाटा आहेत, पण बर्फाचा भरवसा नाही. पडला तर पडला. म्हणून मुलं सराव करतात ते चाकं लावलेल्या रोलर-स्कीवर. एका नोव्हेंबरात मी स्वतः पाहिलं: बारीक पाऊस, दुपारी साडेतीनलाच दाटून आलेला अंधार, आणि दहा-बारा वर्षांची पोरं ओल्या डांबरावर काठ्या टेकत चढ चढत होती. काठीचं टोक डांबरावर आपटलं की टक् असा आवाज येतो, आणि वीस पोरांचा मिळून तो आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. बर्फाचा कणही नव्हता.

अशा गावातून निघालेला हा मुलगा पुढे नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला गेला. तिथल्या विद्यापीठात त्याने इंजिनिअरिंग केलं आणि जगातल्या सगळ्यात कसलेल्या स्कीपटूंबरोबर रोजचा सराव केला. जानेवारी २०१४ मध्ये त्याने नॉर्वेच्या राष्ट्रीय स्पर्धेतली स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराची वेगवान शर्यत, जिंकली. कोल्हापूरच्या तालमीत बाहेरच्या देशाचा मल्ल यावा आणि घरच्या पैलवानांना आस्मान दाखवून जावा, तसंच काहीसं हे. नॉर्वेत क्रॉस-कंट्री हा नुसता खेळ नाही, तिथे मूल चालायला लागलं की स्कीवर उभं राहतं. त्यांना ते किती झोंबलं असेल, कल्पना करा.

महिन्याभरात रशियातल्या सोचीचं ऑलिंपिक आलं आणि तिथे मात्र त्याचं काहीच जमलं नाही. आपण गुंगीचं औषध दिलेल्या बिज्जूसारखे स्की करत होतो, असं तो सरळ बोलून मोकळा झाला. सबबी नाहीत की दुसऱ्यावर ढकलणं नाही. मला हा माणूस आवडायला लागला तो तिथपासून.

यानंतरच्या दोन शर्यतींबद्दल थोडं सविस्तर लिहितो. २०१७ ची जागतिक स्पर्धा फिनलंडमध्ये, लाहतीला होती. ५० किलोमीटर, सगळे एकदम सुटतात. आमच्या कराडपासून साताऱ्यापर्यंतचं अंतर साधारण एवढंच. ते बर्फावरून, चढ-उतारांसकट, दोन तासांच्या आत कापायचं. कॅनडाचा अ‍ॅलेक्स हार्वे जिंकला, रशियाचा उस्त्युगोव्ह दुसरा, यजमान फिनलंडचा हायकिनेन तिसरा आणि मस्ग्रेव्ह चौथा. एवढी मजल मारून पदक हुकलं ते थोडक्या सेकंदांनी. त्याच्या मागे नॉर्वे आणि स्वीडनचे नावाजलेले गडी होते, हे मात्र पदकतालिका कधीच सांगणार नाही.

दुसरी शर्यत फेब्रुवारी २०१८ मधली, दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग ऑलिंपिकची ३० किलोमीटर स्कीअ‍ॅथलॉन. पहिले १५ किलोमीटर क्लासिक पद्धतीने, आखून दिलेल्या खाचांतून. मग स्की आणि काठ्या बदलायच्या आणि उरलेले १५ स्केटिंगच्या ढंगाने. तिन्ही पदकं नॉर्वेने नेली. सुवर्णपदक मिळवलं सिमेन क्रुगरने, जो सुरुवातीलाच पडला होता. मस्ग्रेव्ह अखेरच्या टप्प्यापर्यंत पुढच्या गटात टिकून होता आणि सातवा आला. ब्रिटनच्या कोणत्याही क्रॉस-कंट्री स्कीपटूने ऑलिंपिकमध्ये तोवर एवढी मजल मारलेली नव्हती.

या सातव्या क्रमांकाची किंमत कळायला स्कीच्या तळाचं मेण समजून घ्यावं लागतं. क्लासिकमध्ये पाय मारताना स्कीने बर्फ पकडला पाहिजे आणि पुढच्याच क्षणी ती घसरलीही पाहिजे. ही दोन्ही कामं होतात तळाला चोपडलेल्या मेणामुळे. तापमान शून्याच्या आसपास असलं की एखाद-दुसऱ्या अंशाच्या फरकाने सगळा हिशेब चुकतो. नॉर्वेचा संघ त्यासाठी तंत्रज्ञांचा ताफा आणि खास बांधलेला अवाढव्य ट्रक घेऊन फिरतो. (एवढं करूनही सोचीत त्यांचं मेण फसलं आणि पुरुषांच्या रिलेत त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावं लागलं.) ब्रिटनसारख्या संघाला मूठभर माणसांवर भागवावं लागतं.

तो एकटाही नाही. हंटलीचाच अँड्र्यू यंग डिसेंबर २०१५ मध्ये इटलीतल्या टोब्लाखला विश्वचषकाच्या स्प्रिंटमध्ये तिसरा आला. त्याचे वडील रॉय यंग तिथल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले. मस्ग्रेव्हची बहीण पोझीही सोचीत खेळली. एका लहानशा गावाच्या क्लबातून हे सगळे आले.

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांशी बोलताना जाणवते. राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडचा स्वतंत्र संघ उतरतो, पण तिथे बर्फावरचे खेळ नाहीत. ऑलिंपिकला सगळे ब्रिटन म्हणूनच जातात. त्यामुळे निळ्यावर पांढरी फुली असलेला स्कॉटलंडचा झेंडा छातीवर लावून ऑलिंपिकमध्ये उतरायची संधी या खेळाडूंना मिळतच नाही, आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांत तर त्यांना सर्रास ‘इंग्लिश’ म्हटलं जातं. हंटलीत कुणाला असं म्हणून पाहा, तुमच्याशी बोलणं तिथेच थांबेल.

माझी विनंती साधी आहे. क्रॉस-कंट्रीचा निकाल छापाल तेव्हा पहिल्या तिघांवर थांबू नका. दहाव्या क्रमांकापर्यंतची नावं, देश आणि वेळ द्या. चार ओळींची जागा लागेल, आणि क्रीडापानावर तेवढी निघते, हे मी रोज पाहतो.

आपला,
एक वाचक, अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड
(मूळ गाव कराड)