कोंबड्या काढून टाकायची घाई नको

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या म्हणून "नुसत्या बसून खातात, काढून टाकतो सगळ्या" असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मागून आईचा "काही काढायचं नाही" असा आवाज आला. तुमचा निकाल लागायच्या आत पत्र पोचावं म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, माझं म्हणणं अर्धंच ऐकलं जातं.

माझ्या मते तुमच्या कोंबड्या संपलेल्या नाहीत, थांबल्यात. आई म्हणाली की अंगणभर पिसं पडलीत आणि दिवसही आता लहान होताहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अंडी बंद होणारच. कोंबडीला अंड्याची सूचना मिळते ती उजेडातून. डोळ्यांतून तर मिळतेच, शिवाय कवटीतून झिरपणारा उजेडही तिच्या मेंदूला कळतो. जोमात अंडी द्यायला तिला रोज 14 ते 16 तास उजेड लागतो. तो कमी झाला की शरीर आवरतं घेतं आणि जुनी पिसं टाकायला लागतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. तेवढं प्रथिन अंगावर घालायचं असताना अंड्यासाठी उरणार कुठून? आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपटी, असं दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त चालतं. आई, तुला जी सगळ्यात भुंडी आणि केविलवाणी दिसतेय ना, ती बहुधा तुमची चांगली कोंबडी आहे. भराभर झडून मोकळ्या होणाऱ्या सहसा अंडीही भरपूर देतात. महिनोन्‌महिने एकेक पीस गाळत बसणाऱ्या तेवढ्या नाहीत.

या काळात तुम्ही त्यांना उचलू-बिचलू नका. नवी पिसं फुटताना त्यांना हात लागला तरी दुखतं.

आता बाबा, तुमचा मुठी-मुठी दाणे टाकायचा लाड. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिन आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं. नुसत्या दाण्यात प्रथिन कमी आणि कॅल्शियम नावालाच. एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते आणि मग एक दिवस थांबते. तेव्हा पोट लेअर फीडने, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याने भरू द्या. दाणे संध्याकाळी, तेही एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतच. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. आणि पाणी दुपारीही बघायचं. टरफल सोडलं तर अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. एक दिवस पाण्याविना गेला की पुढचे कितीतरी दिवस अंडं दिसत नाही.

कोण देतेय आणि कोण नाही, हे तुराच नुसता बघून ठरवू नका. रात्री कोंबड्या शांत असतात तेव्हा मागच्या बाजूला, अंडं बाहेर येतं त्या जागेच्या दोन्ही अंगांना दोन टोकदार हाडं लागतात, ती चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं सहज मावली आणि ती जागा ओलसर, रुंद असली तर ती कोंबडी अंडी देतेय. एकच बोट मावलं तर बंद आहे. पण पिसं झडत असलेल्या कोंबड्यांची ही परीक्षा आत्ता घेऊ नका, सगळ्या नापास होतील आणि बाबांना आयतं कारण मिळेल. जिची पिसं शाबूत आहेत तिलाच बघा. ती पास झाली आणि तरी अंडं सापडत नसेल, तर अंडं जातंय कुठे ते शोधायचं. कुठेतरी झुडपात घालत असेल, नाहीतर कुणीतरी खात असेल. मुंगूस, साप, कावळे आणि कधी कधी कोंबडीच. काही दिवस दुपारपर्यंत खुराड्यातच कोंडून ठेवलंत की उलगडा होईल, कारण बहुतेक जणी सकाळीच घालतात. बाबा, झुडपात स्वतः शिरायचं नाही.

ती तांबडी पेटीतून उठत नाही, हात घातला की फुगून गुरगुरते, ती खुडूक आहे, म्हणजे तिला अंडी उबवायचं खूळ लागलंय. तुम्हाला तिच्याकडून पिल्लं नको असतील तर तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात ठेवा, खाणं-पाणी देऊन. पोटाखालून वारा लागला की बहुधा तीन-चार दिवसांत खूळ उतरतं. पाण्यात बुचकळून काढायचे उपाय मला पटत नाहीत.

आई, तू जंताचं औषध पाण्यात टाकायचं म्हणत होतीस. अंदाजाने टाकू नकोस. औषध दिल्यावर काही दिवस अंडी खायची नसतात, ते आधी डॉक्टरांना विचार. त्यापेक्षा रात्री बसायच्या दांड्याखाली आणि फटींत टॉर्च मारून बघा. दिवसा लपणारे बारीक लाल किडे रात्री रक्त प्यायला बाहेर पडतात आणि कोंबड्या नुसत्या त्यानेही थांबतात. वाकायचं काम बाबांनी करावं, तुझी कंबर नको. शिंका, हिरवट विष्ठा, वाकडी मान, किंवा एखादी शेपटी पाडून कुंथत उभी, असं दिसलं तर मात्र माझ्या फोनची वाट बघू नका, थेट डॉक्टरांना बोलवा.

दिवा लावून उजेड वाढवता येतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगेलच. पहाटे थोडा वेळ, रोज ठरल्या वेळी लावला तर उपयोग होतो. पण तुमच्याकडच्या बऱ्याच जणी दोन वर्षांच्या पुढच्या आहेत. त्यांची अंडी तशीही दरवर्षी थोडी थोडी कमीच होत जाणार, मग विश्रांतीच्या काळात त्यांना पिटाळायचं कशाला? शिवाय सुक्या गवताजवळ गरम बल्ब, आणि तो लावायला स्टुलावर चढणार बाबा. नकोच.

नवी पिसं पूर्ण येऊ द्या, दिवस मोठे होऊ द्या, मग एकेकीची हाडं चाचपून मला आकडे सांगा. तेव्हाही जिला एकच बोट असेल तिचं काय करायचं ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. माझं मत आईच्या बाजूने धरा.

तुमची,
लेक